बाबांचा स्कॅन आणि फोनवरचा फोटो

गेल्या वर्षी भावाने पुण्याहून बाबांच्या सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो फोनवर पाठवला. इथले डॉक्टर म्हणाले, “यावरून मत देता येणार नाही, मूळ फाइल मागवा.” सीडी येईपर्यंतचा आठवडा आम्ही काळजीत काढला.

मी सॉफ्टवेअरवाला, कारण उमगले. सीटीच्या एका छेदात ५१२ गुणिले ५१२ बिंदू आणि करड्या रंगाच्या ४०९६ छटा असतात. फोनच्या फोटोत छटा उरतात २५६, आणि फाइल लहान करताना बारकावे कायमचे गळतात. १९९३ पासूनच्या ‘डायकॉम’ पद्धतीत मात्र चित्राची लुगड्यासारखी घडी घालता येते. उलगडले की बिंदू न बिंदू जागेवर.

तेव्हा मंडळी, तपासणीच्या दिवशीच डायकॉम फाइलींची सीडी मागून घ्या!