ट्रेलर घेताना आधी खाली वाकून पाहा

अमेरिकेत लहान ट्रॅव्हल ट्रेलर पाहायला आलेली माणसं साधारण सारखीच वागतात. दार उघडून आत शिरतात, गादीवर बसून बघतात, ओट्यावरून हात फिरवतात, कपाटांची उघडझाप करतात. बाहेर पडताना भिंतीवर बोटांनी टकटक करून ‘मजबूत वाटतोय’ असा निर्वाळा देतात. चाकांमागे डोकावणारा, चासीच्या जोडकामावरून टॉर्चचा झोत फिरवणारा माणूस विरळा. खरं तर ट्रेलर किती वर्षं टिकेल आणि महामार्गावर सरळ चालेल की नाही, हे ठरतं ते तिथेच.

उत्तर अमेरिकेतली बहुतेक आरव्ही, म्हणजे सहलीची राहती वाहनं, इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत बनतात. तिथल्या अनेक कंपन्या ॲक्सल, चासी, खिडक्या, फ्रिज हा सगळा माल त्याच मोजक्या पुरवठादारांकडून घेतात. त्यामुळे नावं आणि रंगीत पट्टे वेगळे असले, तरी दोन ट्रेलरांच्या पोटाखाली एकाच कारखान्याचा ॲक्सल सापडू शकतो. फरक असतो तो कोणत्या क्षमतेचा ॲक्सल निवडला, त्याला कोणते टायर जोडले आणि वर किती वजन चढवलं यात.

ॲक्सलबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की नळीवरच्या पट्टीवर 3,500 पौंड लिहिलंय म्हणजे तिथे 3,500 पौंड, अर्थात सुमारे 1,588 किलो, निर्धास्त ठेवता येतात. तो आकडा ॲक्सल बनवणाऱ्याचा असतो. ट्रेलर बनवणाऱ्याला स्वतःचा वेगळा आकडा जाहीर करावा लागतो. त्याला जीएडब्ल्यूआर म्हणतात. टायर रस्त्याला टेकतात तिथे ॲक्सलच्या सगळ्या जुळणीला किती भार पेलेल, ते हा आकडा सांगतो. जुळणीत नळी, स्पिंडल, बेअरिंग, कमानीचे पाटे, रिम आणि टायर असं सगळं येतं, आणि त्यातला सर्वांत कमकुवत भाग जेवढं पेलेल तेवढीच क्षमता धरायची. 14 इंची, एसटी205/75आर14 मापाचा, ‘सी’ भारश्रेणीचा टायर 50 पीएसआय हवेवर 1,760 पौंड पेलतो. दोन टायरांचे झाले 3,520. म्हणजे 3,500 च्या ॲक्सलवर उरला अवघा 20 पौंडांचा फरक, तोही हवा पूर्ण भरलेली असेल तर. त्याच ॲक्सलला 13 इंची एसटी175/80आर13 ‘सी’ टायर लावले, तर प्रत्येकाचे 1,360 पौंड धरून बेरीज 2,720 वर थांबते. नळीवर 3,500 लिहिलेलंच राहतं, पण त्याला काही अर्थ उरत नाही.

उलट दिशेचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. एखाद्या ट्रेलरचं कमाल मान्य वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, 3,800 पौंड असतं आणि खाली ॲक्सल दिसतो 3,500 चा. ग्राहकाला वाटतं, कंपनीने फसवलं. तसं असेलच असं नाही. ट्रेलरच्या एकूण वजनातला काही भाग पुढच्या हिचवरून, म्हणजे जोडावरून, ओढणाऱ्या गाडीवर जातो, ॲक्सलवर येतच नाही. 3,800 पौंडांतले 12 टक्के, म्हणजे 456 पौंड, हिचवर गेले तर ॲक्सलवर 3,344 उरतात. हिशोब जमला. पण सामान मागच्या बाजूला रचल्याने हिचवर फक्त 6 टक्के भार आला, तर ॲक्सलवर 3,572 पौंड येतात आणि मर्यादा ओलांडली जाते. एकूण वजन एका पौंडानेही वाढलेलं नसतं. अशा ट्रेलरमध्ये शिलकीची जागा फार थोडी असते, आणि विकत घेणाऱ्याने पाहायला हवी ती हीच शिल्लक.

हिचवरचा भार कमी तेवढी गाडी सुखी, असंही अनेकांना वाटतं. बैलगाडी हाकलेल्या कोणालाही हे पटणार नाही: मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि बैलांचा ताबा सुटतो. ट्रेलरचा धोका याहून मोठा, कारण तो वेगात असतो. मागे जड झालेला ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि ठरावीक वेगानंतर तो हेलकावा आपोआप न शमता वाढतच जातो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात गाडी आणि ट्रेलरच्या स्थैर्यावर प्रयोग झाले. हिचवरचा भार, ॲक्सलची जागा आणि वजन दोन टोकांना किती विखुरलेलं आहे, यावर तो धोक्याचा वेग ठरतो, असं त्यांत दिसलं. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर असावा असं म्हणतात. ब्रिटनमध्ये 5 ते 7 टक्के चालतात, पण तिथले कॅरॅव्हॅन वेगळ्या घडणीचे असतात आणि ते ओढताना मोटरवेवरही वेगमर्यादा ताशी 60 मैल असते. एका देशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशात वापरू नये तो यासाठी.

आता वजनाच्या जाहिरातीकडे. माहितीपत्रकात ठळक छापलेलं ‘ड्राय वेट’ म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही, आणि पुष्कळदा बॅटरी किंवा हौसेने घेतलेलं कापडी छतही नाही. सामानासाठी किती वजन उरतं, हा खरा आकडा जीव्हीडब्ल्यूआरमधून रिकामं वजन वजा केल्यावर मिळतो. एअरस्ट्रीम या महागड्या कंपनीच्या 16 फुटी बँबीचं मूळ वजन सुमारे 3,000 पौंड आणि कमाल मर्यादा 3,500. उरले 500 पौंड, म्हणजे 227 किलो. पाण्याचं वजन गॅलनला 8.3 पौंड. 25 गॅलन पाणी भरलं की 200 पौंडांहून अधिक तिथेच संपले. चौघांच्या कुटुंबाचं सामान, दोन सायकली आणि आठवड्याचा शिधा बाकीच्या 300 पौंडांत बसवायचा म्हणजे कसरतच. एअरस्ट्रीम वाईट, असा याचा अर्थ नाही. किंमत आणि भारक्षमता यांचा एकमेकींशी संबंध नाही, एवढाच अर्थ.

अमेरिकेतल्या मराठी घरांत टोयोटा सिएना ही ओळखीची गाडी. तिची ओढण्याची क्षमता 3,500 पौंड, आणि ‘3,000 पौंडांचा ट्रेलर आहे, मग काय हरकत?’ हा प्रश्न ओघाने येतोच. ओढक्षमता मोजण्याच्या एसएई जे2807 या पद्धतीत गाडीत चालक आणि शेजारी एक प्रवासी, प्रत्येकी 150 पौंडांचे, एवढेच धरतात. आजी-आजोबा, मुलं आणि मागे कुकरपासून शेगडीपर्यंतचा संसार त्यात नसतो. गाडीच्या दाराच्या चौकटीवर तिची स्वतःची भारमर्यादा लिहिलेली असते. हिचवरचा भारही त्याच मर्यादेत मोजला जातो. 3,500 च्या आधी पुष्कळदा तीच संपते.

कागदोपत्री खात्री करायला दोन लेबलं पुरतात, आणि दोन्ही कायद्याने बंधनकारक आहेत. पहिलं ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, बाहेरून वाचता येईल असं लावलेलं असतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, प्रत्येक ॲक्सलचा जीएडब्ल्यूआर, टायर-रिमची मापं आणि हवेचा दाब असतो. दुसरं पिवळ्या रंगाचं. सामानाचं वजन किती पौंडांपुढे जाता कामा नये आणि भरलेल्या पाण्याचं वजन किती, हे त्यावर किलो आणि पौंडांत छापलेलं असतं. 2007 मध्ये जाहीर झालेल्या नियमाने हे लेबल आलं. विक्रेता तोंडी काय सांगतो त्यापेक्षा या दोन लेबलांचे फोटो काढून घरी नेणं शहाणपणाचं.

आरव्हीआयए या आरव्ही उद्योगाच्या संस्थेचं लांबट बोधचिन्ह दारापाशी दिसलं की बांधणी पक्की, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. एनएफपीए 1192 हे मानक आणि विजेच्या जोडणीचे नियम पाळल्याची ग्वाही कंपनी स्वतः देते, आणि संस्थेचे निरीक्षक कारखान्यांत न कळवता जाऊन तपासणी करतात. गॅस, वीज, नळजोडणी, आग लागल्यास बाहेर पडायची वाट हे सगळं त्यात येतं, आणि ते जिवाशी निगडित असल्याने महत्त्वाचंच आहे. पण छत किती वर्षं गळणार नाही किंवा चासीचं वेल्डिंग कसं आहे, याची हमी त्या चिन्हात नाही.

बांधणीच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ फायबरग्लासवरून होतो. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये बोलर नावाचा छोटा अंड्याकृती ट्रेलर बनू लागला. साच्यात घडवलेली दोन अर्धी कवचं मधोमध जोडायची, ही त्याची रीत. मिनेसोटातल्या बॅकस गावची स्कॅम्प आणि टेक्सासमधल्या राइसची कसीटा याच कुळातल्या. अशा ट्रेलरला भिंत आणि छप्पर यांच्यात सांधाच नसतो, म्हणून पाणी शिरायच्या जागा कमी. दुसरीकडे, सपाट भिंतींच्या असंख्य ट्रेलरांवरही फायबरग्लासच असतं, पण ते पातळ पत्र्यासारखं, प्लायवूडच्या पापुद्र्यावर आणि फोमवर गोंदाने चिकटवलेलं. खिडकीच्या कडेतून किंवा छताच्या सांध्यातून पाणी आत उतरलं की प्लाय फुगतो, गोंद सुटतो आणि भिंतीला फोड येतात. याला डीलॅमिनेशन म्हणतात. त्याची दुरुस्ती इतकी खर्चिक की जुन्या ट्रेलरच्या किमतीत ती बसत नाही. काही कंपन्या आता प्लायऐवजी ॲझडेल नावाचं लाकूडविरहित मिश्रद्रव्य वापरतात. ते कुजत नाही, पण सांध्यातून आलेलं पाणी फरशीपर्यंत जायचं थांबतं असं नाही.

टकटक करून यातलं काहीच कळत नाही. भिंतीच्या कडेला उभं राहून तिरप्या उन्हात किंवा टॉर्चच्या आडव्या झोतात पाहिलं की फुगवटे दिसतात. कोपऱ्यांत पायाने दाबून फरशी मऊ लागते का ते पाहायचं, कपाटाच्या मागच्या कोनाड्यात हात घालायचा आणि ओलावा मोजणारं साधं यंत्र फिरवायचं. नाकही कामाला येतं, कारण बंद ट्रेलरमधला कुबट वास अत्तराच्या फवाऱ्याने फार वेळ लपत नाही.

साच्यातला ट्रेलर अमर असतो, हेही खरं नव्हे. कवच पन्नास वर्षं टिकतं, पण खालची पोलादी चासी गंजते. जुन्या बोलरमध्ये पुढचा दांडा कवचाखाली शिरतो त्या वाकाशी तडे जाण्याचा दोष सर्वश्रुत आहे. उलट लाकडी सांगाडा आणि वर नालीदार ॲल्युमिनियम अशा स्वस्त घडणीला नाकं मुरडली जातात. तिचा एक गुण मात्र लक्षात घ्यावा असा आहे: पत्रा उचकटून कुजलेली लाकडी पट्टी बदलता येते, तीही घरच्या घरी.

ॲक्सल प्रत्यक्ष तपासताना नवख्याला एक गोष्ट खटकते. रिकाम्या ट्रेलरचा सरळ ॲक्सल मध्यभागी किंचित वर उचललेला दिसतो आणि वाटतं, हा वाकलाय. तो बाक मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे भार आल्यावर चाकं उभी राहतात. खरी खूण टायरवर असते. दोन्ही टायर आतल्या कडेला जास्त झिजले असतील, तर अतिभाराने ॲक्सल खाली वाकल्याचा दाट संशय घ्यावा. नळीखाली जॅक लावून ट्रेलर उचलल्यानेही ती वाकू शकते, म्हणून जॅक चासीला लावायचा.

टॉर्शन ॲक्सल म्हणजे दर्जा आणि पाट्यांच्या कमानी म्हणजे काटकसर, अशी वाटणीही फसवी आहे. टॉर्शनमध्ये चौकोनी नळीत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात, आणि चाकाचा हात वळला की त्या आणखी दबून धक्का झेलतात. चाल मऊ, झिजणारे सांधे कमी. पण काही दशकांत रबर म्हातारं होतं, आणि मग दुरुस्ती नाही, आख्खा ॲक्सल बदलावा लागतो. रिकाम्या ट्रेलरमध्येच चाकाचा हात ठरल्याहून बराच वर गेलेला दिसला, तर रबर संपलेलं आहे. पाटे मात्र कोणताही गॅरेजवाला बदलून देतो. त्यांचे प्लास्टिकचे बुश लवकर झिजतात, तेवढं पाहायचं.

मग जास्त ताकदीचा ॲक्सल बसवला की ट्रेलरची मर्यादा वाढते का? नाही. 3,500 च्या जागी 5,200 चा ॲक्सल लावल्याने चासी, हिचचा जोड आणि भिंती बदलत नाहीत. लेबलवरचा जीव्हीडब्ल्यूआर तोच राहतो. वर कडक पाट्यांमुळे हलक्या ट्रेलरला खड्ड्यांचे दणके जास्त बसतात आणि आतली कपाटं खिळखिळी होतात. थोडी शिल्लक मिळावी म्हणून एक पायरी वरचा ॲक्सल घेणं समजण्यासारखं आहे. जादा सामान भरण्याचा परवाना म्हणून घेणं धोक्याचं.

ट्रेलर एकदा भरला की उत्तर वजनकाट्यावर मिळतं. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, आणि पुढची चाकं, मागची चाकं व ट्रेलरची चाकं यांचे वेगळे आकडे तिथे छापून मिळतात. ट्रेलरच्या चाकांचा आकडा थेट जीएडब्ल्यूआरशी ताडायचा. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी काट्यावर घ्यायची. जोडलेली असतानाच्या आणि सुटी असतानाच्या गाडीच्या वजनांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असेल तर या मोजणीपुरत्या तिच्या सळ्या सैल कराव्यात, कारण ती थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत ढकलते. पण ॲक्सलवर प्रवासात किती येतं ते पाहायला सळ्या ताणूनही एकदा वजन घ्यावं.

वापरलेला ट्रेलर असेल तर टायरवर डीओटीनंतरच्या अक्षरांत शेवटचे चार आकडे वाचावेत. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी उन्हात उभा राहून रबर चिरलेलं असू शकतं, आणि एकाच ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये त्या बाजूला भार उचलायला दुसरं चाक नसतं. बेअरिंगला वर्षातून एकदा किंवा 12,000 मैलांनी ग्रीस भरलं होतं का, त्याची पावती मागावी. शेवटी रिकॉल बाकी आहे का, ते एनएचटीएसए या अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावं, आणि लेबलवरचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळखक्रमांक, देऊन कंपनीकडेही विचारावं. असेल तर साधारणपणे कंपनी ती दुरुस्ती फुकट करून देते, मालक दुसरा असला तरी.