फासळीचा साचा

हमरापूर हे विमानांचे गाव नव्हे. पनवेल–रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे हे स्टेशन. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने बारमाही चालतात. तरीही घरी लाकडी विमान बांधायला बसणाऱ्याला पहिला धडा जो गिरवावा लागतो, तो इथल्या कारखानदाराला कुणी शिकवायला नको. आधी साचा, साच्यात राहिलेली खोट पुढच्या प्रत्येक मूर्तीत उतरते.

विमानाच्या पंखातली फासळी म्हणजे पंखाचा उभा छेद. पुढे गोलसर नाक, पाठीवर बाक, मागे निमुळती शेपटी. पंखाच्या लांबीने दोन दणकट वासे जातात, त्यांना स्पार म्हणतात. या स्पारांवर ओळीने फासळ्या ओवायच्या आणि वरून कापड ताणून शिवायचे. हवेचा जोर कापडावर येतो, कापडावरून फासळीवर, फासळीवरून स्पारवर. खरे ओझे स्पार वाहतो; फासळीचे काम आकार राखण्याचे आणि जोर पुढे पोचवण्याचे. एक फासळी जराशी बुटकी निघाली, तर कापड तिथे खोलगट बसते आणि पंखाच्या तेवढ्या भागाचा आकारच बदलतो.

अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी 1929 मध्ये फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून ‘एअर कॅम्पर’ उडवले. त्याचे आराखडे घेऊन लोक आजही गॅरेजात विमाने बांधतात. त्याच्या फासळीच्या पट्ट्या पाव इंच जाड आणि अर्धा इंच रुंद, आणि अख्ख्या पंखाला अशा तीसएक फासळ्या लागतात. म्हणून साचा. सपाट फळीवर फासळीची पूर्ण मापाची रेघ आखायची आणि रेघेच्या दोन्ही अंगांनी लाकडाचे ठोकळे ठोकायचे. सरस फळीला धरू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद. वरची पट्टी नाकाशी इतकी वळते की कोरडी वाकवली तर तडकते. ती गरम पाण्यात भिजवून, वेगळ्या ठोकळ्यात दाबून, वाळवून घेतात. मग आडव्या-तिरक्या काड्या मापात कापून बसवायच्या आणि प्रत्येक सांध्यावर दीड मिलिमीटर प्लायचा तुकडा चिकटवायचा. बारीक खिळे मारतात ते सरस धरेपर्यंत पकड राहावी म्हणून. एरवी सगळी भिस्त सरसावर. फासळी साच्यातून निघाली की उलटायची आणि दुसऱ्या बाजूचे तुकडे लावायचे.

लाकूड सहसा सिट्का स्प्रूस. आपल्याकडे पहिल्यांदा सागाचे नाव निघते, पण साग या लाकडाच्या सुमारे दीडपट जड, शिवाय अंगचा तेलकट, त्यामुळे सरस नीट धरत नाही. स्प्रूसचाही प्रत्येक तुकडा चालत नाही. तंतू तिरपे धावत असतील, तर पंधरा इंचांत एका इंचापेक्षा जास्त उतार चालवून घेत नाहीत, आणि गाठी दिसल्या की बहुतेक तुकडे बाजूलाच पडतात.

कोकणात खरी गाठ पडते ती पावसाळ्याशी. लाकडातला ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असताना फासळ्या आणि स्पार तयार केले, असे समजू. जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते आणि उघड्यावर ठेवलेले लाकूड अठरा टक्क्यांकडे सरकते. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, आडवे फुगते. पाच इंच उंचीचा स्पार मिलिमीटर-दीड मिलिमीटरने फुगला, की मे महिन्यात सहज सरकणारी फासळी त्याच्यावर चढत नाही. म्हणून दोन्ही एकाच खोलीत, एकाच हवेत सुकवून घ्यायचे आणि वॉर्निश लवकर चढवायचे.

सरसाची कथा याहून जुनी. पूर्वी दुधातल्या केसीनचा सरस विमानात सर्रास वापरत. ओलीत त्याला बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धात लाकडी ‘मॉस्किटो’ विमाने भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आली, 1944 च्या शरदात काहींचे पंख हवेतच तुटले आणि 12 नोव्हेंबरला तिथली सगळी मॉस्किटो जमिनीवर उभी करण्यात आली. आधी बोट दाखवले गेले ते आपल्या हवेकडे. पुढच्या तपासात मात्र दोष कारखान्यातल्या जोडकामात निघाला. हवेला दोष देणे सोपे असते, हे कारागीर मंडळी जाणतात.

आपल्या माणसांचा या लाकडी विद्येशी संबंध नव्हता असे नाही. 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथचे पंख लाकडी सांगाड्याचेच होते. 1940 च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. तिथे रुजू झालेले विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले; गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. त्यांनी आखलेले दहा आसनी लाकडी ग्लायडर युद्धकाळात बांधले गेले. ते एकच झाले. पुढे 1951 मध्ये त्यांचेच एचटी-2 उडाले, ते मात्र धातूचे. अलीकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान जुळवले. 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले आणि 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली. तेही धातूचेच. धातूला पावसाळ्यात फुगण्याची खोड नाही, हे ओघाने आलेच.

आता लाकडाला इपॉक्सी मिळाली आहे. ती बुरशीला दाद देत नाही आणि सांध्यातली बारीक फट भरून काढते. मात्र उन्हाने तापली की मऊ पडते, म्हणून अशा पंखांना गडद रंग देत नाहीत. तिच्यावरही आंधळा विश्वास कुणी टाकत नाही. इपॉक्सी कालवली की त्याच भांड्यातल्या मालाने दोन फालतू तुकडे चिकटवायचे, त्यांच्यावर आणि त्या दिवशीच्या फासळ्यांवर एकच तारीख घालायची. पक्के वाळल्यावर तुकडे पक्कडीत धरून तोडायचे. दोन्ही बाजूंनी लाकडाचे तंतू ओरबाडून निघाले, तर जोड पास. सांधा सरसाच्या रेघेवर गुळगुळीत उघडला, तर त्या तारखेच्या सगळ्या फासळ्या बाद.