सुट्टी संपेल, शाळा सुटू नये

एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातील शाळांचे शैक्षणिक वर्ष समाप्त होते. कर्नाटकाच्या शालेय वेळापत्रकाप्रमाणे साधारणतः १० एप्रिल हा वर्षाचा अखेरचा दिवस असतो. त्याच सुमारास वार्षिक परीक्षेचे निकाल पालकांना सांगितले जातात आणि ११ एप्रिलपासून उन्हाळी सुट्टीस प्रारंभ होतो. मे महिन्याच्या अखेरीस, बहुधा २९ तारखेच्या आसपास, शाळा पुन्हा भरतात. शेवटच्या घंटेपासून पहिल्या घंटेपर्यंतचा हा काळ सुमारे सात आठवड्यांचा होय.

सात आठवडे हा काळ मुलांच्या दृष्टीने आनंदाचा असला, तरी पालकांच्या दृष्टीने तो सावधगिरीचाही आहे. मूल शाळेतून गळते ते बहुधा वर्षाच्या मध्यात नव्हे, तर दोन वर्षांच्या सांध्यावर. बेळगाव शहराच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यालगत वसलेल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. फौंड्र्या, लेथची कामे, यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे लहानमोठे कारखाने यांनी हा परिसर गजबजलेला आहे. येथे काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचा मुलगा सातवी उत्तीर्ण होतो. आईवडील दोघेही कामावर. मुलगा दिवसभर घरी एकटा. 'उन्हात हिंडण्यापेक्षा कारखान्यात चार गोष्टी शिकेल', अशा सद्हेतूने त्याला ओळखीच्या ठिकाणी पाठविण्यात येते. प्रारंभी झाडलोट व चहा आणणे, मग सामान उचलणे, मग यंत्राजवळ उभे राहणे, असा क्रम लागतो. आठवड्याच्या पगारादिवशी त्याच्या हाती थोडे पैसे पडू लागतात. मेअखेर शाळेची घंटा वाजते, तेव्हा त्याला शाळेत पाठवायचे नाही, असे घरात कोणीही ठरविलेले नसते. 'या आठवड्यात राहू दे, पुढच्या सोमवारी जाईल', एवढेच म्हटले जाते. शाळा सोडण्याचा निर्णय कोणी घेत नाही. ती नुसतीच सुटते.

असे घडू नये यासाठी पालकांनी कोणती दक्षता घ्यावी आणि कायद्याने त्यांना कोणता आधार दिला आहे, याची माहिती या लेखात देण्याचा हेतू आहे.

सातवीनंतरचा उंबरठा

कर्नाटकात उच्च प्राथमिक शाळा साधारणतः सातवीपर्यंत असते आणि माध्यमिक शाळा आठवीपासून सुरू होते. काही प्राथमिक शाळांना आठवीचा वर्ग जोडण्यात आला असला, तरी बहुतेक मुलांना सातवीनंतर शाळा बदलावी लागते. गल्लीतील परिचित शाळा सोडून दूरची नवी शाळा, नवे शिक्षक, नवा प्रवास हे सारे याच सुट्टीत ठरवावे लागते. म्हणूनच सातवीनंतरची सुट्टी ही इतर सुट्ट्यांहून अधिक जपण्याची आहे.

यासाठी पहिली गोष्ट म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. शाळा बंद होण्यापूर्वीच तो मागून घ्यावा. सुट्टीत मुख्याध्यापकांची गाठ पडणे अवघड जाते. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे व विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक आधार पत्राशी ताडून पाहावा. एका अक्षराची चूक आज क्षुल्लक वाटली, तरी शिष्यवृत्तीच्या वेळी तीच मोठी अडचण होऊन बसते.

दाखला मिळण्यास विलंब झाला, तरी पालकांनी धीर सोडू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना इयत्ता आठवीपर्यंतचे शिक्षण हा त्यांचा हक्क आहे. या अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला सादर करण्यास उशीर झाला, या कारणास्तव दुसऱ्या शाळेला प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसल्याच्या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही. एखाद्या मुलाचे शिक्षण मध्येच खंडित झाले असेल, तर त्यास त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात घेण्याची तरतूद चौथ्या कलमात आहे. गेल्या वर्षी शाळा सुटली म्हणून यंदा दार बंद झाले, असे मुळीच नाही.

कारखान्यातील काम आणि कायदा

मुलाने सुट्टीत काम करावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. याविषयी कायदा काय सांगतो, ते स्पष्टपणे जाणून घेणे अगत्याचे आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत त्याने आपल्या कुटुंबास अथवा कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायात मदत करावी, एवढी मुभा आहे. तीही काम धोक्याचे नसेल तरच. आईला दुकानात हातभार लावणे वा शेतावर जनावरांना पाणी दाखविणे वेगळे आणि परक्याच्या कारखान्यात रोजावर जाणे वेगळे.

चौदा पूर्ण झालेल्या, परंतु अठरा पूर्ण न झालेल्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई आहे. उद्यमबागेतील पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. कारण ओतकाम म्हणजेच फौंड्रीचा व्यवसाय जोखमीच्या उद्योगांच्या कायदेशीर यादीत समाविष्ट आहे. वितळलेल्या धातूची धग, वाळूची बारीक धूळ आणि ओतीव वस्तू घासून साफ करताना उडणारे कण यांचा उपद्रव प्रौढ कामगारासही होतो. वाढत्या वयाच्या फुप्फुसांना व डोळ्यांना तर तो अधिकच. निपाणी भागातील कुटुंबांनाही हे लागू आहे. तंबाखू व विडी यांवर त्या भागातील अनेक घरांची चूल पेटते. परंतु विडी वळणे हे काम १९८६ च्या मूळ कायद्यातच मुलांना निषिद्ध केलेल्या कामांच्या यादीत होते, हे विसरून चालणार नाही.

कायदा मोडून मुलास कामावर ठेवणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोठे मूल कामास जुंपलेले आढळल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य कळविता येते.

'मग हात चालणार कधी?' असा प्रश्न कामगार बंधू विचारतील, आणि तो रास्त आहे. हाताचे कसब ही उद्यमबागेची खरी संपत्ती होय. तथापि ते कसब मिळविण्याचा मार्ग आता प्रमाणपत्रातून जातो. एसएसएलसी उत्तीर्ण विद्यार्थ्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतनातील पदविका, तसेच शासकीय टूलरूम व प्रशिक्षण केंद्रातील साचे व हत्यारे घडविण्याचे अभ्यासक्रम खुले असतात. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यातच विद्यावेतन घेऊन शिकताही येते. मात्र जोखमीच्या उद्योगांतील कामांसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अभियांत्रिकी महाविद्यालयही याच उद्यमबागेत १९७९ पासून उभे आहे. तेराव्या वर्षी मदतनीस म्हणून आत गेलेला मुलगा बहुधा मदतनीसच राहतो. दहावी होऊन गेलेल्यास लेथपासून आरेखनापर्यंतच्या वाटा मोकळ्या असतात. तीन वर्षांच्या धीराने पडणारा हा फरक आहे.

आजोळ आणि दोन राज्यांची वेळापत्रके

सीमाभागातील कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. येथील अनेक मुलांचे आजोळ चंदगड, गडहिंग्लज, कागल, कोल्हापूर या भागांत असते आणि सुट्टी लागताच मुले मामाकडे जातात. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणतः मे महिन्यात सुरू होऊन शाळा जूनच्या मध्यास उघडतात. मामाची मुले घरी आहेत, तोवर भाचरेही राहतात. या गोड आग्रहापायी कर्नाटकातील शाळेचे पहिले दोन-अडीच आठवडे बुडतात. याच दिवसांत पाठ्यपुस्तके व गणवेश यांच्या वाटपास प्रारंभ होतो, वर्गाच्या तुकड्या ठरतात आणि नव्या शाळेत मैत्री जुळते. उशिरा आलेले मूल मागे पडते, आणि मागे पडलेल्या मुलाचे मन शाळेत रमत नाही. तेव्हा मुलास आजोळी पाठवितानाच परतीची तारीख मामांना सांगून ठेवावी. शाळा उघडण्याची नेमकी तारीख निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावी.

महाराष्ट्रातून कामधंद्यानिमित्त उद्यमबागेत येऊन राहिलेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शाळा बदलण्याचा हक्कही उपरोक्त पाचव्या कलमाने दिलेला आहे. कर्नाटकातील शाळांत माध्यम मराठी असले, तरी २०१५ च्या कायद्यानुसार कन्नड भाषेचा अभ्यास करावा लागतो. नव्याने आलेल्या मुलाला सुट्टीतच अक्षरओळख करून दिल्यास जूनमधील त्याची भीती निम्मी होईल. त्यासाठी शिकवणीची गरज नाही. बसवरील पाट्या व दुकानांचे फलक वाचून दाखविणारा शेजारचा सोबती पुरेसा आहे.

निकाल मनाजोगा न लागल्यास

एसएसएलसीचा निकाल सुट्टीच्या काळातच लागतो. अपयश आले म्हणजे सारे संपले, अशी समजूत करून घेऊ नये. २०२३-२४ या वर्षापासून राज्याच्या परीक्षा मंडळाने एकाच वर्षात पुन्हा परीक्षेस बसण्याची पद्धत घातली आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला राहिलेल्या विषयांची परीक्षा त्याच उन्हाळ्यात देता येते. उत्तीर्ण झालेल्यासही गुण वाढविण्यासाठी बसता येते आणि अधिक असलेले गुण कायम धरले जातात. मात्र अर्ज भरण्याची मुदत अल्प असते. त्यासाठी निकालानंतर दोन-तीन दिवसांतच शाळेशी संपर्क साधावा. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. त्या दिवशी घरात बोललेला कठोर शब्द मुलाच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही.

सवलती व कागदपत्रे

शिष्यवृत्तीसाठी लागणारे जातीचे व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत मिळतात. शाळा उघडल्यावर तेथे गर्दी होते. म्हणून हे काम सुट्टीतच उरकावे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र शासनाच्या श्रम मंत्रालयाची शैक्षणिक साहाय्य योजना आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा घेतली जाते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे आणि सर्वसाधारण विद्यार्थ्यास सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अशी अट आहे. म्हणजे सातवीची गुणपत्रिकादेखील जपून ठेवण्याची वस्तू आहे.

माध्यमिक शाळा दूर आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबविण्याचे कारण उरलेले नाही. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रिया व मुलींना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. मुलांसाठी सवलतीचा विद्यार्थी पास आहे.

मध्यान्ह भोजन व दूध सुट्टीत बंद असते, याचीही जाणीव ठेवावी. २०२४ च्या दुष्काळात टंचाईग्रस्त तालुक्यांतील मुलांना सुट्टीतही भोजन देण्यात आले होते. दरवर्षी तशी सोय असतेच असे नाही. दोघेही पालक कामावर जात असतील, त्या घरी दुपारच्या जेवणाची व्यवस्था सकाळीच करून ठेवणे हिताचे.

सुट्टी सुखरूप जावी

सुट्टीत मुले पाण्याकडे धाव घेतात. शेतातील विहिरी, दगडाच्या खाणीत साठलेले पाणी, निपाणी भागातील वेदगंगा व दूधगंगा या नद्यांचे डोह यांत पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय मुलांस उतरू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो. त्या वेळी झाडाखाली थांबू नये, विजेच्या खांबापासून दूर राहावे व पक्क्या घराचा आसरा घ्यावा. आंबे पाडण्याच्या नादात ही गोष्ट मुलांच्या ध्यानी राहत नाही. ती मोठ्यांनीच वारंवार सांगावयास हवी.

सारांश, सुट्टीत मुलाने मनसोक्त खेळावे, आजोळी जावे, घरच्या कामात हात घालावा. पालकांनी मात्र तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : शाळा सोडल्याचा दाखला, शाळा उघडण्याची तारीख आणि नव्या शाळेतील निश्चित झालेला प्रवेश. मेअखेरच्या त्या सकाळी कामगार पित्याने कारखान्याकडे निघण्यापूर्वी आपल्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोचवावे. त्या दिवशी कामावर पोचण्यास थोडा उशीर झाला, तरी तो सार्थकी लागेल.