थरांत अडकणारे फ्लोराइड

किनवट तालुक्यातील काही गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराइड आढळते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की मुलांचे दात डागाळतात. प्रमाण फारच वाढले तर पुढे सांधे आखडतात. नांदेड-लातूरच्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज थराथरांचेच. परंतु त्याचे थर ऋणभारित असल्याने ते जड धातू धरून ठेवते, ऋणभारित फ्लोराइडला मात्र दूर लोटते. येथे हवे धनभारित थरांचे हायड्रोटाल्साइट. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचे हे खनिज भाजून पाण्यात टाकले की विस्कटलेले थर पुन्हा जुळतात आणि फ्लोराइड त्यांत अडकते. प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले आहे. मात्र नागपूरच्या ‘नीरी’च्या तुरटी-चुन्याच्या नालगोंडा पद्धतीलाही जो प्रश्न चुकला नाही, तो येथेही उरतोच: फ्लोराइडने भरलेला गाळ ग्रामपंचायतीने टाकावा कोठे?