मुका खांब किती वेळा टाइप करायचा?

कळफलकाशी गट्टी : भाग ६

क्रोशाच्या वहीतलं पान संगणकावर उतरवायला घेतलं की पहिल्या काही ओळींतच लक्षात येतं, की या लिखाणात शब्द मोजकेच असतात आणि तेच पुन्हापुन्हा येतात. साखळी, खांब, मुका खांब, स्लिप स्टिच, फेरी. ग्रॅनी स्क्वेअर हा ओळखीचा चौकोन घ्या. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. दर फेरीला बारा खांब वाढतात, कोपरे मात्र चारच. प्रत्येक कोपऱ्यावर ‘३ खांब, साखळी २, ३ खांब’ हाच मजकूर.

मागच्या भागात कॉपी-पेस्टच्या कळा पाहिल्या. इथे त्या कामाला येतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. आधीची फेरी उचलून खाली चिकटवली, की त्यातला एखादा आकडा बदलायचा राहून जातो. टाइप करणाऱ्याला ते दिसत नाही. विणणारीला मात्र चौथ्या फेरीत टाके जुळेनासे होतात आणि तिला सगळं उसवावं लागतं. म्हणून शब्द आपोआप यावेत आणि आकडे दर वेळी हाताने घालावेत, ही वाटणी सगळ्यात चांगली.

त्यासाठी वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आहे. लोक त्याला स्पेलिंग सुधारणारी सोय समजतात, पण त्याच्या यादीत आपल्या खुणाही भरता येतात. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स अशा क्रमाने गेलं की दोन चौकटी दिसतात. ‘रिप्लेस’मध्ये छोटी खूण लिहायची, ‘विथ’मध्ये पूर्ण मजकूर. समजा ‘मख’ म्हणजे ‘मुका खांब’. इन्स्क्रिप्टवर ‘मुका खांब’ लिहायला मधली जागा धरून नऊ ठोके लागतात, ‘मख’ला दोन. त्यानंतरचा स्पेस किंवा स्वल्पविराम दाबला की पूर्ण शब्द उमटतो. आकडा आणि खूण यांच्यामध्ये जागा सोडायला विसरू नये. ‘३ मख’ चालतं. ‘३मख’ हा संगणकाच्या लेखी वेगळाच शब्द होतो आणि तसाच राहतो.

खूण निवडताना मराठीचं भान हवं. खांबासाठी ‘खा’ ही खूण सहज सुचेल, पण त्याच संगणकावर मुलाला ‘वेळेवर खा’ असा निरोप लिहिला तर तिथेही खांब उभा राहील. ‘सा’, ‘मम’, ‘फे’ यांपैकी पहिले दोन रोजच्या लिखाणात येऊ शकतात, तिसरा येत नाही. ज्या अक्षरजोडीला मराठीत अर्थच नाही ती घ्यावी : ‘खख’, ‘मख’, ‘सस’, ‘फफ’. चुकून नको तिथे बदल झालाच, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावं. तेवढाच बदल मागे जातो, टाइप केलेलं बाकीचं जागेवर राहतं.

आणखी एका ठिकाणी अनेक जण अडतात. खूण भरली, तरी मराठीत टाइप करताना ती चालत नाही. याचं कारण असं की वर्ड प्रत्येक भाषेची ऑटोकरेक्टची यादी वेगळी ठेवतो. त्या खिडकीच्या माथ्यावर भाषेचं नाव असतं. तिथे इंग्रजी दिसत असेल तर खूण इंग्रजीच्या यादीत गेली. आधी मराठी कळफलक सुरू करून दोन शब्द टाइप करावेत, कर्सर तिथेच ठेवावा आणि मग ती खिडकी उघडावी. लिबरऑफिस रायटरमध्ये हे सोपं आहे. टूल्समधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये भाषा निवडायची यादी समोरच असते.

ऑटोकरेक्टच्या साध्या मजकुराला वर्डमध्ये २५५ अक्षरांची मर्यादा आहे. एका कोपऱ्याला ती भरपूर झाली, पण ‘साहित्य, सुईचा क्रमांक, टाक्यांच्या खुणा’ हा नमुन्याच्या माथ्यावरचा मजकूर तिच्यात मावत नाही. तो एकदा नीट लिहून सिलेक्ट करावा, ऑल्ट आणि एफ३ दाबून नाव द्यावं. पुढच्या वेळी ते नाव टाइप करून एफ३ दाबलं की अख्खा परिच्छेद हजर. रायटरमध्ये हेच काम ऑटोटेक्स्ट करतं. तिथे साठवण्याची खिडकी कंट्रोल आणि एफ३ने उघडते, मजकूर मात्र एफ३नेच येतो. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन कळही सोबत दाबावी लागते.

संगणकाची आपोआप सुधारण्याची सवय क्रोशाच्या लिखाणात कधी आडवीही येते. तारांकनाचंच उदाहरण घ्या. पुन्हा करायचा भाग दोन ताऱ्यांमध्ये लिहायची पद्धत आहे. पण ताऱ्यांमधला मजकूर ठळक करण्याचा पर्याय सुरू असेल, तर अक्षरं ठळक होतात आणि तारे गायब. आता ‘ताऱ्यापासून पुन्हा करा’ म्हणजे कुठून? इंग्रजी नमुन्यात तिसऱ्या रंगासाठी कंसात सी लिहिला की त्याचं कॉपीराइटचं चिन्ह होतं. क्रोशाचं काम करणाऱ्यांनी हे दोन्ही पर्याय बंद करून टाकावेत.

ओळीच्या शेवटाकडेही लक्ष हवं. ‘३’ ओळीच्या टोकाला आणि ‘खांब’ पुढच्या ओळीत, असं झालं की मांडीवर विणकाम घेऊन वाचणाऱ्याची नजर चुकते. कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की न तुटणारी जागा पडते आणि आकडा शब्दाला चिकटून राहतो. सगळं लिहून झाल्यावरही हे एका फटक्यात होतं. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबावं, वरच्या चौकटीत जागा आणि ‘खांब’ लिहावं, खालच्या चौकटीत कॅरेटचं चिन्ह, लहान लिपीतला एस आणि ‘खांब’.

हीच शोधून बदलायची खिडकी सगळ्यात जपून वापरावी लागते, विशेषतः परदेशी नमुना उतरवताना. अमेरिकी नमुन्यातला एससी म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डीसी म्हणतात. अमेरिकी डीसी म्हणजे आपला खांब. तो ब्रिटिशांचा टीआर. एकच डीसी दोन देशांत दोन वेगळ्या उंचीचे टाके दाखवतो. अमेरिकी नमुना ब्रिटिश खुणांमध्ये आणताना आधी एससीचं डीसी केलं आणि मग डीसीचं टीआर, तर पहिले सगळे मुके खांबही टीआर होऊन बसतात आणि पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. म्हणून सुरुवात उंच टाक्यापासून करावी. टीआरचं डीटीआर, मग डीसीचं टीआर, शेवटी एससीचं डीसी. ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’ ही खूण केली नाही तर स्कार्फ या शब्दातले पहिले एस आणि सीसुद्धा बदलतात. ती खूण केली की एचडीसी वेगळा शब्द ठरतो आणि त्याचं एचटीआर स्वतंत्रपणे करावं लागतं.

मराठी नमुन्यातही हाच धोका आहे. ‘खांब’च्या जागी ‘दुहेरी खांब’ घालायला सांगितलं, की ‘मुका खांब’चा ‘मुका दुहेरी खांब’ होतो. सगळे एकदम न बदलता ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक बघत जावं. एकदम बदललेच, तर किती ठिकाणी बदल झाले तो आकडा वर्ड शेवटी सांगतो. तो मूळ पानावरच्या मोजणीशी ताडून बघावा.

मोबाइलवर टाइप करणाऱ्यांनाही खुणा वापरता येतात. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी, तिथे मराठी निवडून ‘मुका खांब’ आणि शॉर्टकटच्या जागी ‘मख’ लिहायचं. फरक इतकाच, की इथे शब्द आपोआप बदलत नाही. कळफलकाच्या वरच्या पट्टीत तो सुचवला जातो आणि त्यावर बोट ठेवावं लागतं.