जनावर बुजलं, तर आधी मेन स्विच!

सभासद बंधूंनो, गोठ्यात दिवा हवा म्हणून आपण घरातून जोडाजोडीची वायर पत्र्यावरून ओढतो अन् विसरतो. पावसात जोड भिजला की पत्र्यात करंट उतरतो. "फ्यूज आहे की!" म्हणाल. पण ५ अँपिअरचा फ्यूज वायर वाचवतो, माणूस नव्हे. त्याच्या पन्नासाव्या हिश्शाचा करंटही जीव घेतो.

परवानाधारक वायरमनकडून तीन कामे करून घ्याच : बिनजोडाची तीन तारी केबल, पत्र्याला व लोखंडी खांबाला अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. करंट गळताच तो क्षणात वीज तोडतो. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.

गाय-बैल ओल्या जमिनीवर उभे. धक्का त्यांना आधी जाणवतो. जनावर गोठ्यात शिरेना, तर काठी उगारू नका. आधी मेन स्विच पाडा!