अपूर्णांक खरा, पण कशाचा?

‘दशांशात लिहिलं की उत्तर अचूक’ ही समजूत कॅल्क्युलेटरने पक्की केली आहे. खरं तर १/३ हाच नेमका असतो. ०.३३ ही त्याची जवळपासची किंमत, पुढे कितीही तीन लिहिले तरी थोडं उरतंच. वहीत १० बाय १० ची चौकट आखा आणि तिची शंभर घरं तिघांत वाटा. प्रत्येकाला ३३ मिळतात, एक शिल्लक राहतं. जुन्या रुपयात ही अडचण नव्हती. १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिसरा वाटा बरोब्बर ५ आणे ४ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. बाकी हिशेब सोपे झाले, पण हा वाटा अडला, कारण १०० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. आणाही ६.२५ नव्या पैशांचा झाला.

०.२५ हा ०.५ पेक्षा मोठा, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे, असंही मुलांना वाटतं. त्याच चौकटीत रंगवायला सांगा: ०.५ साठी ५० घरं लागतात, ०.२५ साठी २५.

चित्रही फसवतं. भाकरीचे सारख्या रुंदीचे तीन उभे पट्टे कापले, तर ते तीन समान वाटे नव्हेत. मधल्यात जवळजवळ ४२ टक्के भाकरी जाते. उलट चौरसाचा पाव भाग पट्टी असो वा त्रिकोण, क्षेत्रफळ तेवढंच असलं की झालं. आकार सारखा दिसण्याचा हट्ट पाठ्यपुस्तकांतल्या ठरावीक चित्रांमुळे येतो, असं मला वाटतं.

टक्क्यांत तर ‘कशाचे?’ हे विचारायचंच राहून जातं. ‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०. हजाराची साडी आधी पाचशेला येते आणि पुढचे २० टक्के त्या पाचशेचे, म्हणून द्यायचे ४०० रुपये.

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हाही ‘एसी दहा टक्के स्वस्त’ असा हिशेब झटकन मांडता येत होता. मूळ किंमत १०० धरली, तर गिऱ्हाईक आधी १२८ देत होतं, आता ११८. कराचा दर दहा टक्केबिंदूंनी उतरला खरा, पण १२८ वर १० म्हणजे बिलात सुमारे ७.८ टक्क्यांचीच घट.